दहातोंडे भाऊसाहेबांची होडी

शेवगावात राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात शेजारच्या दहातोंडे भाऊसाहेबांनी माझ्या घराचं दार काढून नेलं.

मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. सकाळी कॉलेजला निघताना दार ओढून घेतलं, ते रोजच्यासारखं चौकटीला घासलं, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "थांबा मॅडम. ओढू नका, त्याचा दोष नाही. बिजागऱ्या चुकीच्या जागी बसवल्यात." पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, असा साठीतला उंच, वाळकुडा माणूस फाटक उघडून आत आला. दार दोनदा हलवून त्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत करून देतो." दार गेलं. त्यांची बायको, कमलकाकू, तांदळाचं ताट घेऊन माझ्या ओट्यावर राखणीला बसल्या. "जावा तुमी कालेजात, मी हाय हितं," त्या म्हणाल्या. "पन संध्याकाळचं काय खरं धरू नका."

दार चौथ्या दिवशी परत आलं. तोवर मी चौकटीला चादर बांधून राहत होते. माझा नवरा नगरला नोकरीला, तो शनिवारी आला आणि चादरीसमोर पिशवी घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. दार बसवल्यावर मात्र ते एका बोटानं बंद व्हायला लागलं, घासणं नाही, आवाज नाही. मी आभार मानत होते, पण भाऊसाहेबांचं लक्षच नव्हतं. ते उंबऱ्याशी उकिडवे बसून खाली बघत होते. दाराखाली बोटभर फट राहिली होती.

"रंधा जास्त मारला गेला," ते घरात कुणी वारल्यासारख्या आवाजात म्हणाले. "आणा, परत करू."

मी दार दिलं नाही. त्या फटीतून नंतर पाली आल्या, उंदीर आले, आणि भाऊसाहेब जेव्हा जेव्हा माझ्याकडं आले तेव्हा आधी त्या फटीकडं बघून मगच माझ्याकडं बघायचे.

"परत करू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. तहसील कचेरीत ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि लाकडाचं काम त्यांनी निवृत्तीनंतर हातात घेतलं होतं. त्यात ते फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. हात मऊ होते, पटाशी नेहमी थोडी घसरायची, कुठल्या ना कुठल्या बोटाला चिंधी असायचीच. पण डोळा भयंकर तीक्ष्ण होता. म्हणजे हाताला जे जमत नव्हतं ते डोळ्याला बरोबर दिसायचं, आणि ह्या दोघांच्या मधे तो माणूस सतत चिडलेला असायचा.

कुठंही गेले की ते लाकडावरून अंगठा फिरवायचे. बँकेतलं काउंटर, लग्नातला पाट, डॉक्टरांकडचं बाक. खुर्चीवर बसायच्या आधी ती उलटी करून खालचे सांधे बघायची सवय होती. एकदा आमच्या गल्लीत एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. मयताचा तिसरा दिवस. सगळे खाली मान घालून बसलेले, आणि भाऊसाहेब दारात उभं राहून खुर्ची उलटी करून बघताहेत. कमलकाकूंनी त्यांच्या हातातून खुर्ची काढून घेतली, सरळ ठेवली आणि त्यांना दाबून बसवलं. ते बसले, पण तिथून निघेपर्यंत ती खुर्ची कुरकुरत होती आणि प्रत्येक कुरकुरीला ते काकूंकडं बघत होते.

होडीचं त्यांनी कधी काढलं ते मला नक्की आठवत नाही. एक दिवस त्यांची स्कूटर पोर्चमधून बाहेर उन्हात आली आणि पोर्चमधे लाकडं रचली गेली. मला वाटलं पलंग असेल. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. नाव करायची म्हनत्यात."

शेवगावात होडी. जिथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, जिथं उन्हाळ्यात लोक टँकरच्या आवाजावर घड्याळ लावतात, तिथं हा माणूस होडी बांधणार. मी सरळ त्यांनाच विचारलं.

"सगळी नोकरी मी नोंदी केल्या," ते म्हणाले. "नोंद म्हणजे काय, दुसऱ्या कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ते आपण लिहायचं. आता मला स्वतः करायचंय."

"मग टेबल करा. कपाट करा."

"टेबल वाकडं झालं तर पायाखाली कागदाची घडी घालता येते, मॅडम. आमच्या कचेरीत सगळी टेबलं घडीवरच उभी होती. होडीला घडी कुठून घालणार?"

नंतरची दोन-तीन वर्षं त्या वाक्याचा त्रास त्यांना झाला, काकूंना झाला, आणि मधे भिंत असूनही मला झाला.

फळ्या सागवानाच्या होत्या, पाडलेल्या घरांच्या तुळयांमधून कापून आणलेल्या. आतल्या फासळ्या मात्र बाभळीच्या. त्यासाठी ते स्कूटरवरून बांधाबांधानं हिंडायचे. सगळं जग सरळ लाकूड शोधतं, हे वाकडं शोधत होते. फांदीला जन्मतःच बाक असला की ती फासळी तुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेतकरी विचारायचे, "सरळ घ्या की भाऊसाहेब, हाय की तिकडं." त्यांना सरळ नको असायचं, आणि वाकडं त्यांना हवं तितकं वाकडं मिळायचं नाही.

फळ्या वाकवायच्या म्हणजे आधी वाफवायच्या. त्यासाठी त्यांनी काकूंचा तांब्याचा बंब घेतला. त्याच्या तोंडाला पत्र्याचा लांब नळा जोडला, नळ्यात फळी घातली आणि खाली जाळ. फळी मऊ झाली की ती हातमोजे घालून काढायची आणि थंड व्हायच्या आत सांगाड्यावर दाबून बसवायची. पहिली फळी बसवताना मला हाक आली. "मॅडम, ते टोक धरा." मी धरलं. फळी वाकत गेली, वाकत गेली, त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू उमटायला लागलं, आणि फळी मधोमध मोडली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुसरीही मोडली. तिसरी मोडली तेव्हा भाऊसाहेब पोर्चच्या पायरीवर बसले आणि जेवायला उठले नाहीत.

काकू आतून म्हणाल्या, "आता त्यो बंब तरी सोडा. आंघोळीला पानी तापवायचं हाय."

"वाफ कमी पडतीय," ते पायरीवरूनच म्हणाले. त्या घरात पुढचे तीन महिने आंघोळ थंड पाण्यानं झाली. थंडीचे दिवस होते.

तरी होडी उभी राहिली. ती फाटकातून निघणार नाही अशी गल्लीत पैज लागली होती, पण त्यांनी आधी फाटक मोजून मगच होडी आखली होती. माणसाला बसायला तीन आडव्या फळ्या, दोन वल्ही. फळ्यांच्या फटींमधे कापसाचा पीळ ठोकून वर राळ भरलेली. कापूस आमच्या भागात काय, हवा तितका. होळीच्या सुमारास होडी तयार झाली आणि लगेच ऊन पडलं. आमच्याकडचं ऊन म्हणजे भिंतीतून पाणी पिणारं. महिन्याभरात फळ्या आकसल्या, फटी उघडल्या, कापूस बाहेर लोंबायला लागला. पोर्चमधे उभं राहिलं की होडीच्या अंगातून पलीकडचा रस्ता दिसायचा.

"हिला पाणी पाजावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले. "लाकूड पाणी प्यालं की फुगतं, फुगलं की फटी मिटतात. होडी ओली ठेवायलाच पाहिजे."

मे महिन्यात, टँकर आला त्या दिवशी, त्यांनी आपल्या वाट्याचं पाणी नळी लावून होडीत सोडलं. ते फटींमधून खाली गळत रस्त्यावर आलं. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. शिंदे वहिनींनी आधी ते ओघळ बघितले, मग होडी बघितली.

"भाऊसाहेब, काय चाललंय हे?"

"माझ्या वाटणीचं आहे."

"वाटनीचं असंल. पन मानसांना प्यायला न्हाई आन् तुमी लाकडाला पाजताय?"

"फक्त फुगेपर्यंत, वहिनी."

"आन् आमी काय करायचं फुगंपतूर?"

भाऊसाहेबांनी आधारासाठी काकूंकडं बघितलं. काकू हंडा उचलून शिंदे वहिनींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "बरोबर बोलती ती," त्या म्हणाल्या. "आज सकाळी मी अर्ध्या बादलीत धुनं केलंय."

भाऊसाहेबांनी नळी बंद केली. त्यांना राग आला होता, पण कुणावर रागवायचं ते त्यांना कळत नव्हतं, कारण बायकांचं म्हणणं त्यांनाही पटलेलं होतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. त्यांनी फटींना आतून चिखल आणि शेण लिंपलं, पाणी धरलं, आणि घराघरांत सांगून आले की पाणी दोन दिवस होडीत राहू द्या, मग उपसून धुण्याला न्या, मी पुन्हा भरीन. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग बादल्या आणल्या. त्या उन्हाळ्यात ती होडी आमच्या गल्लीचा हौद झाली. सगळ्यांच्या कपड्यांना राळेचा वास यायचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मला एकदा हळूच विचारलं, घरी काही रंगकाम चाललंय का.

पाऊस संपता संपता जायकवाडी धरणाचा फुगवटा आमच्या तालुक्याच्या कडेपर्यंत भरून आला. टेम्पोत होडी चढली, मागं दुसऱ्या टेम्पोत गल्ली चढली. शिंदे वहिनींनी दशम्या आणल्या होत्या. काठावर काकूंनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि भाऊसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून होडीत बसले. ती गळली नाही. एक थेंब आत आला नाही. ते वल्ही मारत निघाले, आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना नवऱ्याकडं तसं बघताना पाहिलं नव्हतं.

लांबवर गेल्यावर भाऊसाहेब काहीतरी ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, आनंदानं. मग वाऱ्यावर शब्द आले. "डावीकडं! डावीकडं कलतीय!"

"थोडं उजवीकडं सरकून बसा की," काकू ओरडल्या.

"मी सरकायचं?" तिकडून आवाज आला. "होडीनं सरळ राहायचं का मी?"

खरं सांगायचं तर काठावरून आम्हाला कुणालाच ती कललेली दिसत नव्हती. जवळ आल्यावर त्यांनी दाखवली तेव्हा चार बोटं असेल. ते उतरले ते तोंड पाडून. दशमीला हात लावला नाही. परतीच्या वाटेवर टेम्पोवाला म्हणाला, "भारी झाली हो तुमची नाव," त्याला त्यांनी अर्धा रस्ता समजावून सांगितलं की डाव्या अंगाच्या फासळ्या जड कशा झाल्यात.

दुसऱ्या आठवड्यात पोर्चमधून खिळे उपटल्याचा आवाज यायला लागला. मी गेले. "भाऊसाहेब, तरंगली ना ती?"

"तरंगायला ओंडकाही तरंगतो."

"अहो, पण चार बोटं."

"मला दिसतात ना ती," ते म्हणाले आणि पुढचा खिळा धरला. "परत करू."

वर्ष गेलं. दोन फासळ्या बदलल्या, त्या हलक्या झाल्या. मग दुसऱ्या बाजूच्या बदलल्या. खरं म्हणजे त्यांच्यावर ओरडावं असं मला अनेकदा वाटलं. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी होडी फळीफळीनं सुटी होऊन पोर्चमधे भिंतीला टेकवलेली होती.

आणि तेव्हाच पूर आला. डोंगराकडं पाऊस झाला आणि पहाटे आमच्या बाजूची नदी एकाएकी पात्राबाहेर पसरली. उजाडल्यावर गल्लीत मोटारसायकल येऊन थांबली. नदीकाठच्या आव्हाड वस्तीवरचे दोघं, चिंब भिजलेले.

"भाऊसाहेब, नाव द्या. वस्ती पान्यात हाय. म्हातारी मानसं छपरावर चढलीत."

भाऊसाहेब पोर्चमधे उभे होते. त्या दोघांनी मग त्यांच्या मागं भिंतीला टेकवलेल्या फळ्या बघितल्या. भाऊसाहेबांनी एक फळी उचलली, सांगाड्यावर टेकवली, दुसरी उचलली, हातोडा शोधायला लागले. काकूंनी त्यांचा दंड धरला. "आवो, ते आता न्हाई जुळायचं," त्या अगदी हळू म्हणाल्या. मोटारसायकल निघूनही गेली होती.

ते तसेच अनवाणी स्कूटर काढून मागोमाग गेले. थोड्या वेळानं आम्हीही गेलो. नदीवर शेजारच्या गुऱ्हाळातली गूळ करायची मोठी लोखंडी काहील ट्रॅक्टरनं आणली होती. दोन्हीकडून दोर बांधलेले, पोहणारी चार माणसं भोवती, आणि काहिलीत एकावेळी दोघं-तिघं. ती पाण्यावर गोलगोल फिरत यायची. भाऊसाहेब छातीएवढ्या पाण्यात दोर धरून उभे होते आणि प्रत्येक खेपेला ओरडत होते, "मधे बसा. कडेला बसू नका. मधे."

सगळी माणसं वाचली. सीताबाई आव्हाड नावाची म्हातारी सगळ्यात शेवटी आली. ती काहिलीत बसायलाच तयार नव्हती, कारण तिच्या शेळ्या मागं राहत होत्या. शेळी बिचकली तर काहील उलटेल, म्हणून माणसं ऐकेनात. तिला उचलून बसवलं. दुपारी पाणी उतरलं तेव्हा तिच्या शेळ्यांपैकी कांदाचाळीच्या पत्र्यावर चढलेली एकच उरली होती.

त्यानंतर भाऊसाहेबांनी हत्याराला हात लावला नाही. शेजारी इतकी शांतता झाली की मला दुपारी झोप येईना. काकू माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "खटखट व्हायची तवा मी भांडायची. आता घरात मानूस हाय का न्हाई ते कळत न्हाई. तुमी तरी बोला." मी गेले आणि सुचलं ते बोलले. म्हटलं, "भाऊसाहेब, ती दाराची फट... दार घेऊन जाता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "बंद होतंय ना."

तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा भीती वाटली.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. फाटक वाजलं आणि सीताबाई आव्हाड आत आली. हातात पिशवी, पिशवीत भाजी. सरळ पोर्चमधे जाऊन तिनं फळ्यांवर हात ठेवला.

"हीच का ती नाव?"

"होय," भाऊसाहेब खुर्चीवरून म्हणाले.

"मोडली व्हय?"

"मीच सोडली. कलत होती."

"किती?"

त्यांनी चार बोटं दाखवली. सीताबाईनं ती नीट बघितली. "आमचं घर बी कलतंय," ती म्हणाली. "राहतो न्हवं आमी." मग जमिनीवर बसून तिनं पाय पसरले. "पोरं ऊस तोडीला गेलीत. कारखाना बंद होईपतूर मी एकलीच हाय तिथं. पानी काय, पुन्हा येनारच. ही जोडा आन् आमच्याकडं आनून ठिवा."

काकूंनी चहा टाकला. चहा पिऊन सीताबाई गेली, आणि चार दिवसांनी टेम्पो येऊन सगळ्या फळ्या आणि सांगाडा वस्तीवर घेऊन गेला.

माझी बदली नगरला झाली तेव्हा थंडी सरत आली होती. निरोप घ्यायला गेले तर काकू म्हणाल्या, "ते घरी कुठं असत्यात. तिकडंच जावा." मी रिक्षा करून आव्हाड वस्तीवर गेले. लिंबाखाली होडी उभी होती, फळ्या बसलेल्या, कापूस ठोकलेला. भाऊसाहेब आत उभे होते आणि सीताबाई बाहेर, शेळीची दोरी धरून. दोघांचं काहीतरी बिनसलेलं होतं.

"ही माणसांसाठी आहे, बाई," भाऊसाहेब म्हणत होते.

"व्हय, पन हिला उभं ऱ्हायला जागा कुठंय? ह्या फळीला गुडघं लागत्यात तिचं."

"बसण्याच्या फळ्या तिथंच लागतात. त्या हलवल्या तर होडीचा तोल जाईल. आत्ता कुठं ती सरळ झालीय."

"मंग मी बी न्हाई बसनार," सीताबाई म्हणाली. "मागच्या बारीला बसले. आता न्हाई बसनार."

मी आलेलं भाऊसाहेबांनी बघितलं. ते त्या मधल्या फळीकडं बघत राहिले. ती त्यांनी किती वेळा काढून बसवली असेल मला माहीत नाही. तिच्या कडा गोल केलेल्या होत्या आणि ती कुठंही घासत नव्हती, डगमगत नव्हती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग ते होडीतून खाली उतरले, खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "धरा तिला."

सीताबाईनं शेळीला पुढून धरलं. भाऊसाहेब शेळीच्या बाजूला मातीत गुडघे टेकून बसले. शेळी मला बघून बिचकत होती, म्हणून त्यांनी हातानंच मला मागं व्हायची खूण केली. निरोपाचं बोलणं राहूनच गेलं. मी रिक्षापाशी येऊन वळून बघितलं तेव्हा त्यांचा एक हात शेळीच्या गळ्याभोवती होता, दुसऱ्या हातानं ते छातीपासून शेपटीपर्यंत टेप लावत होते, आणि शेळी मान वळवून टेपचं टोक चघळत होती.

"हलू नको गं," ते तिला म्हणत होते. "नीट उभी राहा. तुझ्याच मापाची करायचीय."